यादी कोणी लिहायची?

विंडोज वापरणाऱ्या प्रत्येकासमोर ही खिडकी कधी ना कधी उघडलेली असते. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमांची यादी काढायची, नको असलेल्या नावावर 'अनइन्स्टॉल' दाबायचं आणि उत्तर येतं: काढताना अडचण आली, हा प्रोग्रॅम बहुधा आधीच काढलेला असावा, यादीतून नुसतं नाव काढून टाकू का? आपण सवयीने 'हो' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण प्रश्न जरा थांबून वाचण्यासारखा आहे. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाताखालून गेल्याशिवाय डिस्कवर एक बाइट लिहिला जात नाही, ती आपल्यालाच विचारते आहे की प्रोग्रॅम इथे आहे की गेला? तिला ते सांगता येत नाही, कारण यादी लिहिण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलेलंच नाही. ते प्रोग्रॅम बनवणाऱ्यांवर सोडलंय आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

माझं म्हणणं आधीच मांडून टाकतो. मशीनवर कोणतं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या फायली कुठे कुठे पसरल्या आहेत आणि ते जाताना काय काय गेलं पाहिजे, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिमनेच ठेवायला हवी. विक्रेत्याच्या शब्दावर ती भरून घेणं पुरेसं नाही. शिवाय नोंद ठेवणाऱ्याला स्वतःचा माल त्या नोंदीबाहेर ठेवण्याची सवलत असता कामा नये. यातला पहिला भाग बहुतेक तंत्रज्ञ मान डोलावून कबूल करतील. खरं भांडण दुसऱ्या भागाचं आहे आणि ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

आधी विंडोजची यादी जवळून पाहू. रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती साठ्यात 'अनइन्स्टॉल' नावाची एक शाखा असते. तिच्याखाली प्रत्येक प्रोग्रॅमचा एक कप्पा, आणि कप्प्यात काही साध्या नोंदी: दाखवायचं नाव, आवृत्ती, प्रकाशक, अंदाजे आकार आणि 'अनइन्स्टॉलस्ट्रिंग' म्हणून एक ओळ. या शेवटच्या ओळीत एक आज्ञा लिहिलेली असते. आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज फक्त ती आज्ञा चालवते. तिने काय करायचं, किती फायली उडवायच्या, किती ठेवायच्या, जाताना ब्राउझर उघडून 'आम्हाला का सोडून चाललात' असा फॉर्म दाखवायचा का, हे सगळं विक्रेत्याच्या मर्जीवर. काम झाल्यावर कप्पा पुसायचा तोही त्याच्याच प्रोग्रॅमने. नाव, प्रकाशक, आकार ही माहितीही इन्स्टॉलरनेच, म्हणजे प्रोग्रॅम मशीनवर बसवणाऱ्या विक्रेत्याच्या साधनानेच, लिहिलेली असते. त्याच कप्प्यात 'सिस्टिमकंपोनंट' नावाची नोंद घालून तिची किंमत १ ठेवली की प्रोग्रॅम यादीत दिसतच नाही. म्हणजे मशीनवर आहे, चालतो आहे, पण मालकाला दाखवायच्या यादीत नाही. ही काही चोरवाट नव्हे, अधिकृतपणे ठेवलेली सोय आहे.

मग काय काय टाकलं याचा तपशील असतो तरी कुठे? इनो सेटअप या लोकप्रिय साधनाने बनवलेला इन्स्टॉलर प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये 'अनइन्स०००' नावाच्या फायली ठेवतो. एक काढून टाकणारा प्रोग्रॅम, आणि सोबत काय केलं त्याची नोंद, जी काढताना उलट्या क्रमाने वाचली जाते. व्यवस्था चांगली आहे, पण नोंद राहते प्रोग्रॅमच्याच घरात. कुणी वैतागून तो फोल्डर हाताने उडवला की काढणाराही गेला आणि नोंदही गेली. रजिस्ट्रीतली ओळ मात्र तशीच राहते, आणि वरची ती खिडकी उघडते. एनएसआयएस या दुसऱ्या साधनात तर आपोआप नोंद होतच नाही. काढण्याचा विभाग प्रोग्रॅमरने स्वतः ओळ-ओळ लिहायचा. त्याने पुढच्या आवृत्तीत एक फाइल वाढवली आणि काढण्याच्या विभागात ती लिहायला विसरला, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर मुक्कामाला राहिली.

एवढं असूनही ही यादी आली ती मोठी सुधारणा म्हणूनच. विंडोज ९५ च्या आधी प्रोग्रॅम आपल्या नोंदी आयएनआय नावाच्या सामाईक सेटिंग-फायलींमध्ये घुसडत, डीएलएल फायली (अनेक प्रोग्रॅमांना मिळून वापरता येणारे कोडचे तुकडे) सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकत आणि काढायची वेळ आली की काखा वर करत. नव्वदच्या दशकात फक्त दुसऱ्यांचे प्रोग्रॅम काढून देणारे प्रोग्रॅम विकले जात होते, हा एक स्वतंत्र धंदाच होता. 'ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स' आल्यावर निदान एक ठिकाण मिळालं. पण सामाईक फायलींचं घोंगडं भिजतच राहिलं. एकच डीएलएल चार प्रोग्रॅम वापरत असतील तर पहिला जाताना ती उडवायची का? त्यासाठी रजिस्ट्रीत मोजणी ठेवली गेली: येताना प्रत्येक इन्स्टॉलरने आकडा एकने वाढवायचा, जाताना कमी करायचा. एकाने जरी वाढवला नाही तरी हिशोब चुकला. शेवटी गाडी वापरणाऱ्यापाशी यायची: 'ही सामाईक फाइल आता कुणी वापरत नाही असं दिसतं. काढू?' याचं उत्तर ज्याला देता येईल असा माणूस त्या खुर्चीत क्वचितच बसलेला असायचा. म्हणून सगळे 'नको' म्हणायचे आणि कचरा साठत जायचा.

१९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत विंडोज इन्स्टॉलर आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने नोंदीची वही खऱ्या अर्थाने स्वतःच्या हातात घेतली. त्यात प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो, कोणता घटक कोणत्या उत्पादनाचा याची नोंद सिस्टिम ठेवते, मूळ पॅकेजची, म्हणजे प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यातून आला त्याची, प्रत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जपते आणि काढण्याचं कामही स्वतःच करते. (जागा मोकळी करायच्या नादात तो फोल्डर रिकामा करणारे बरेच निघतात. मग ना प्रोग्रॅम निघतो, ना त्याची दुरुस्ती बसते.) रचना योग्य दिशेची होती, पण सक्ती नव्हती. ज्याला जुन्या पद्धतीने यायचं त्याला दार उघडंच, आणि नव्या पद्धतीतही विक्रेत्याला मध्येच स्वतःचा कोड चालवण्याची मुभा. त्यामुळे एकाच यादीत दोन जातींच्या नोंदी शेजारी शेजारी बसल्या. काही सिस्टिमने लिहिलेल्या, काही विक्रेत्याने सांगितलेल्या. वापरणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

नोंद सिस्टिमकडे असली की काय फरक पडतो, हे बघायचं तर लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे जावं लागतं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात डीपीकेजी नावाचं साधन हे काम करतं. प्रत्येक पॅकेजमागे एक साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात त्या पॅकेजने टाकलेल्या एकूण एक फायलींचे पत्ते. कुणीही उघडून वाचावी. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती उलटा प्रश्न विचारण्याची सोय. डिस्कवरच्या एखाद्या अनोळखी फायलीकडे बोट दाखवून 'ही कुणाची?' असं विचारा, डीपीकेजी पॅकेजचं नाव सांगतं. विंडोजच्या त्या यादीला हा प्रश्न विचारताच येत नाही. एका पॅकेजच्या फायलीवर दुसरं पॅकेज गुपचूप आपली फाइल लिहू पाहत असेल तर डीपीकेजी तिथेच अडवतं. काढण्याच्याही दोन पायऱ्या आहेत. 'रिमूव्ह' म्हटलं तर प्रोग्रॅम जातो, पण सेटिंगच्या फायली राहतात. 'पर्ज' म्हटलं तर त्याही जातात. पहिली पायरी घेतलेल्या पॅकेजांपुढे यादीत 'आरसी' अशी दोन अक्षरं येतात: काढलंय, पण सेटिंग शिल्लक आहे. अर्धवट काढलंय हे सिस्टिम स्वतःहून सांगते, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

लिनक्समध्ये सगळं आलबेल आहे असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं ठरेल. प्रोग्रॅम चालू झाल्यावर ज्या फायली तयार करतो, म्हणजे लॉग, डेटाबेस, तात्पुरते साठे, त्या पॅकेजच्या यादीत नसतात. त्या काढण्यासाठी पॅकेज बांधणाऱ्याने वेगळी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, लिहायची असते. डेबियनच्या धोरणात तशी अपेक्षा लिहिलेली आहे, पण बाहेरच्या कंपनीने दिलेल्या पॅकेजला ते धोरण कोण शिकवणार? या स्क्रिप्ट चालतात थेट सर्वोच्च अधिकाराने. शिवाय कुणी प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड आणून 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेने तो पॅकेजशिवाय हाताने बसवला तर वहीत त्याची ओळही उमटत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजं बसवणाऱ्या पिप या साधनाला याच अडचणीने अनेक वर्षं छळलं. जुन्या पद्धतीने टाकलेलं पॅकेज काढायला सांगितलं की ते सरळ नकार द्यायचं: कोणत्या फायली याच्या आहेत हे खात्रीने सांगता येत नाही, काढलं तर अर्धवट काढलं जाईल. लोक या संदेशावर चिडायचे. मला तर विंडोजच्या त्या खिडकीपेक्षा हा नकार शंभर पटीने बरा वाटतो.

मॅकची तऱ्हा आणखी न्यारी. ॲप्लिकेशन उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं की झालं, असं सांगितलं जातं. त्याने लायब्ररी फोल्डरमध्ये मांडलेला संसार तिथेच राहतो. 'पीकेजी' प्रकारच्या इन्स्टॉलरची तर मॅक रीतसर पावती ठेवतो, कोणत्या फायली टाकल्या त्याच्या यादीसकट. ती पावती दाखवणारी आज्ञा आहे, पावती विसरायला लावणारी आज्ञाही आहे. पावतीवरचा माल परत उचलणारी आज्ञा मात्र नाही. सगळी माहिती हाताशी असून काम अर्ध्यावर का सोडलं असेल?

आणि मग येतात फोन. अँड्रॉइडने हा प्रश्न मुळातूनच सोडवला. टाकलेल्या ॲपला लिनक्सच्या भाषेत स्वतंत्र वापरकर्ता मानलं, १०००० पासून पुढचा एक क्रमांक दिला आणि स्वतःचा खासगी फोल्डर दिला. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये त्याला जाता येत नाही. ॲप गेलं की फोल्डर गेला, विक्रेत्याला विचारण्याची गरजच नाही. पूर्वी सामाईक साठ्यात ॲपं वाटेल तिथे फोल्डर मांडून ठेवत. अँड्रॉइड १० पासून तेही आवळत आणलं. आयफोनवरही बहुतांशी हीच पद्धत, एक फट सोडून: ॲप काढलं तरी कीचेन या सुरक्षित साठ्यात त्याने ठेवलेल्या नोंदी उरतात, आणि तेच ॲप पुन्हा टाकलं की त्या त्याला जशाच्या तशा सापडतात. काढून टाकलं म्हणणाऱ्याला ही गोष्ट कुणी सांगत नाही.

तेव्हा ज्याला 'फार गुंतागुंतीचं आहे हो' म्हणून वर्षानुवर्षं टाळलं गेलं, ते जमतं हे फोनने दाखवून दिलं. पण ग्यानबाची मेख इथेच आहे. त्याच फोनमध्ये काही ॲपं अशी असतात, ज्यांच्यापुढे 'अनइन्स्टॉल' हे बटणच नसतं. 'डिसेबल' असतं किंवा 'अपडेट काढा' असतं. ती साठ्याच्या अशा विभागात बसवून दिलेली असतात, जो नुसता वाचता येतो, बदलता येत नाही. इतरांच्या बाबतीत काटेकोर असणारी वही घरच्यांची पाळी आली की डोळे मिटते. कुंपणानेच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडे करायची?

हे सगळ्यात ठळकपणे घडलं ते विंडोज ९८ मध्ये. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर काढून टाकायच्या यादीतूनच वगळला. म्हणणं असं की ब्राउझर हा आता विंडोजचाच भाग आहे, वेगळा काढता येणार नाही. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात प्रिन्स्टनचे संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी ब्राउझर काढून दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅमच न्यायालयात सादर केला. तो चालवला की विंडोज मंदावतं, हे सिद्ध करायला कंपनीने चित्रफीत आणली. उलटतपासणीत तिच्यातल्या विसंगती उघड झाल्या आणि प्रात्यक्षिक नव्याने करण्याची नामुष्की ओढवली. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालचा आदेश फिरवला. पण यादीतून ब्राउझर वगळणं हे स्पर्धा दडपणारं वर्तन होतं, हा ठपका कायम ठेवला. मला या खटल्यातली हीच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. लोक कंपनीच्या फाळणीबद्दल बोलतात. न्यायाधीशांनी मात्र सेटिंगच्या एका खिडकीतली एक ओळ गैरहजर आहे, याचीही दखल घेतली. एखादं नाव यादीत आहे की नाही, हा बाजारातल्या ताकदीचा प्रश्न असू शकतो, हे तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं.

विक्रेत्याच्या शब्दावर का विसंबायचं नाही, याचं उदाहरण २००५ मध्ये मिळालं. सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की एक्ससीपी नावाचं प्रतबंदीचं सॉफ्टवेअर बसायचं. '$सिस$' या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल आणि प्रत्येक प्रक्रिया ते विंडोजच्या नजरेआड करायचं. काढण्याची सोय नाही. हाताने फायली उडवल्या तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ते उघडकीला आणल्यावर गदारोळ झाला आणि कंपनीने काढण्याचं साधन दिलं, तेही फॉर्म भरून मागायचं. त्या साधनाने संगणकात आणखी एक भगदाड पाडलं होतं. ते दाखवून देणाऱ्यांमध्ये पुन्हा तेच फेल्टन होते, सोबत संशोधक ॲलेक्स हाल्डरमन. ज्याने गुपचूप आत शिरून बस्तान मांडलं त्याच्याच हाती बाहेर जाण्याची किल्ली दिली, तर यापेक्षा वेगळं काय होणार?

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: लोकांना सगळं काढता येऊ लागलं तर ते नको ते काढतील आणि मशीन बंद पाडून बसतील. यात तथ्य आहे. डेबियनच्या कुटुंबातल्या आप्ट या साधनात अत्यावश्यक पॅकेज काढायला गेलं की 'हो, मी सांगतो तसंच कर' अशा अर्थाचं अख्खं वाक्य टंकायला लावलं जायचं. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने स्टीम हे खेळ विकणारं ॲप टाकण्याच्या खटपटीत ते वाक्य टंकलं आणि त्याचा डेस्कटॉपच उडाला. मूळ दोष पॅकेजांच्या आपसातल्या अवलंबनाचा होता, पण धडा घेऊन आप्टमधली ही वाट आणखी अवघड केली गेली. म्हणजे धोक्याच्या ठिकाणी कठडा बांधता येतो. त्यासाठी यादीतून नाव गाळावं लागत नाही. अवलंबनाची नोंद असेल तर 'हे काढलंस तर हे हे बंद पडेल' असं नेमकं सांगता येतं. बटणच न ठेवणाऱ्याला वापरणाऱ्याची एवढी काळजी असेल असं मला वाटत नाही. असती तर त्याने निदान कारण लिहिलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. प्रोग्रॅमसोबत माणसाची स्वतःची कागदपत्रं, चित्रं, खेळातली प्रगती गेली तर? ती जाता कामा नये, आणि नुसत्या फायलींच्या यादीवरून कोणती फाइल कचरा आणि कोणती कुणाची वर्षभराची मेहनत, हे सिस्टिमला कळणार नाही. तिथे विचारणं हाच मार्ग. लिनक्सवरच्या स्नॅप या दुसऱ्या पॅकेज-पद्धतीत पॅकेज काढताना डेटाची प्रत आपोआप बाजूला ठेवली जाते आणि ठरावीक मुदतीनंतर, बहुधा ३१ दिवसांनी, पुसली जाते. अँड्रॉइड १० पासून ॲपला 'काढताना डेटा ठेवायचा का' हे विचारायला लावता येतं, पण ते ॲप बनवणाऱ्याने ठरवायचं. मला हेच उलट वाटतं. विचारायचं सिस्टिमने, प्रत्येक ॲपच्या बाबतीत, एकाच भाषेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. सगळी नोंद ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिली की तिचा मालक दारावर पहारेकरी होऊन बसतो. काय टाकायचं हेही मग तोच ठरवणार. काही फोनवर नेमकं हेच झालंय. पण नोंद आणि परवानगी यांची गाठ कुणी मुद्दाम मारलेली आहे, ती निसर्गनियमाने पडलेली नाही. डीपीकेजीला तुम्ही कुठूनही आणलेलं पॅकेज द्या. ते कुणाची मंजुरी मागत नाही, काय टाकलं ते मात्र चोख लिहून ठेवतं. येणाऱ्याला अडवायचं नाही, आलेल्याचं नाव लिहायचं आणि ती वही मालकाला वाचू द्यायची, एवढ्यावर ही व्यवस्था तीन दशकं चालली आहे. तेव्हा 'स्वच्छ काढायचं असेल तर आमच्याच दुकानातून घ्या' हा युक्तिवाद मी मानत नाही.

कायद्याने याला हात घातलाय तो युरोपात. डिजिटल मार्केट्स कायद्याच्या सहाव्या कलमात म्हटलंय की बड्या कंपन्यांनी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं कोणतंही ॲप वापरणाऱ्याला सहज काढू दिलं पाहिजे. अपवाद एकच: जे सिस्टिम चालण्यासाठी अत्यावश्यक आहे आणि तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे देता येणार नाही. 'अत्यावश्यक' या शब्दातून बैलगाडी जाईल अशी भीती होतीच. पण मार्च २०२४ मध्ये कंपन्यांना हे बंधन लागू झालं आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरसमोर काढण्याचं बटण आलं. इतरत्र विकल्या जाणाऱ्या विंडोजमध्ये ते तसं आलं नाही. त्यासाठी वेगळं विंडोज बांधावं लागलं नाही. मशीन पहिल्यांदा सुरू करताना वापरणाऱ्याने कोणता प्रदेश निवडला, ते पाहून विंडोज ठरवतं की बटण दाखवायचं की नाही. तेव्हा आपल्या यादीत ते बटण का नाही, याचं तांत्रिक उत्तर आता कुणी देऊ नये.